‘प्रोटीन’ छापलेले वेष्टन कसे वाचावे?
पाकीटबंद प्रथिनयुक्त खाद्यांच्या पोषणमूल्यांचा विचार

गेल्या काही वर्षांत औषधी दुकानांच्या दर्शनी फळीवर एक नवा वर्ग येऊन बसला आहे. प्रोटीन बार, प्रोटीन बिस्किटे, प्रोटीन चिप्स, प्रोटीनयुक्त चिवडा, प्रोटीनयुक्त लाडू अशी त्याची नाना रूपे आहेत. पूर्वी केवळ महानगरांत दिसणारी ही पाकिटे आता जालना शहरातच नव्हे, तर अंबड, भोकरदन, परतूर येथील दुकानांतही मिळू लागली आहेत. पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण, गरोदर स्त्रियांचे नातेवाईक, मधुमेही, आजारातून उठलेले वृद्ध असे सर्व प्रकारचे ग्राहक ती मागतात आणि घेण्यापूर्वी वा घेतल्यानंतर आपल्याकडे येऊन विचारतात, ‘वैद्यराज, हे चालेल का?’

या प्रश्नाचे उत्तर सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही. उत्तर त्या पाकिटाच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेले असते. ते वाचावे कसे, त्यातून कोणता निष्कर्ष काढावा आणि कोणता काढू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

गरज किती?

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये सुधारित शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यानुसार निरोगी प्रौढास प्रतिकिलो वजनामागे दररोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी होतात. ६५ किलो वजनाच्या पुरुषास ही मात्रा ५४ ग्रॅम, तर ५५ किलो वजनाच्या स्त्रीस सुमारे ४६ ग्रॅम येते. गरोदरपणाच्या दुसऱ्या तिमाहीत त्यात सुमारे ९.५ ग्रॅमची आणि तिसऱ्या तिमाहीत २२ ग्रॅमची भर घालावी, असे सांगितले आहे. आहार मुख्यतः धान्यांवरच अवलंबून असेल व त्यातील प्रथिने हलक्या प्रतीची असतील, तर प्रतिकिलो सुमारे १ ग्रॅम धरावे लागते.

आता आपल्या भागातील आहाराकडे पाहू. दिवसभरात २०० ग्रॅम ज्वारीचे व १०० ग्रॅम गव्हाचे पीठ पोटात गेले, तर त्यातून सुमारे ३१ ग्रॅम प्रथिने मिळतात. ६० ग्रॅम तुरीच्या डाळीतून १३ ग्रॅम, पाव लिटर दुधातून ८ ग्रॅम आणि २५ ग्रॅम शेंगदाण्यांतून ६ ग्रॅम. बेरीज ५८ ग्रॅम होते. म्हणजे भाकरी, पोळी, घट्ट वरण, दूध आणि शेंगदाण्याची चटणी एवढ्यावर सामान्य प्रौढाची गरज भागते.

परंतु याच ताटातील दूध व शेंगदाणे काढले आणि डाळ २० ग्रॅमवर आणली, तर बेरीज ३५ ग्रॅमवर येते. आपल्याकडे येणाऱ्या अनेक रुग्णांचे ताट या दुसऱ्या प्रकारचे असते. वरण रोज असते, पण ते इतके पातळ असते की त्यात डाळ शोधावी लागते. तेव्हा प्रथिनांची उणीव हा बाजाराने रचलेला निव्वळ बागुलबुवा आहे, असे म्हणता येणार नाही. उणीव अनेक घरांत खरी आहे. ती भरून काढण्याचा मार्ग कोणता, एवढाच वादाचा मुद्दा आहे. ४० ग्रॅम जादा डाळीतून सुमारे ९ ग्रॅम प्रथिने मिळतात आणि बाजारातील बहुसंख्य बारांतून मिळणारी प्रथिने याहून फार दूर नाहीत, ही गोष्ट प्रथम ध्यानात ठेवावी.

येथे एका मराठी शास्त्रज्ञाचे स्मरण करणे उचित होईल. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे हे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. विसाव्या शतकाच्या मध्यास जगभर ‘प्रथिनांची टंचाई’ हा परवलीचा शब्द झाला असताना त्यांनी आकडेवारीच्या आधारे असे प्रतिपादन केले, की भारतीय गरिबांच्या आहारात मूळ तूट एकूण अन्नाची, म्हणजे उष्मांकांची आहे. अन्नच अपुरे असेल तर शरीर खाल्लेली प्रथिने इंधन म्हणून जाळून टाकते. धातुपोषणासाठी ती उरत नाहीत. अर्धपोटी राहणाऱ्या रुग्णास प्रोटीन बार सुचविताना हा विचार विसरू नये.

‘प्रोटीन रिच’ म्हणजे नेमके काय?

पाकिटावर असा शब्द छापण्यास कायद्याचे निकष आहेत. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ अन्वये भारतीय अन्न सुरक्षा व मानक प्राधिकरणाने जाहिराती व दावे यांविषयीचे नियम २०१८ मध्ये केले. त्यानुसार घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये दैनंदिन शिफारशीच्या १० टक्के प्रथिने असल्यास त्यास प्रथिनांचा ‘स्रोत’ म्हणता येते आणि २० टक्के असल्यास ‘समृद्ध’. पुरुषाची ५४ ग्रॅम ही मात्रा आधार धरल्यास २० टक्के म्हणजे १०.८ ग्रॅम होतात.

या आकड्यापाशी क्षणभर थांबावे. आपल्या घरातील गव्हाच्या पिठात १०० ग्रॅममागे सुमारे १०.५ ते १२ ग्रॅम प्रथिने असतात. बाजरीत सुमारे ११, ज्वारीत सुमारे १०. म्हणजे कायद्याचा ‘समृद्ध’ हा उंबरठा साध्या पिठाच्या डब्याएवढाच उंच आहे. कारखानदाराने खोटे लिहिले, असे यात काहीच नाही. पण ‘समृद्ध’ हा शब्द वाचून ग्राहकाच्या मनात जे चित्र उभे राहते, ते या उंबरठ्याहून फारच मोठे असते.

उष्मांकांतील वाटा

यासाठी एक सोपी कसोटी सुचवावीशी वाटते. १ ग्रॅम प्रथिनांपासून सुमारे ४ उष्मांक मिळतात. वेष्टनावरील प्रथिनांच्या आकड्यास ४ ने गुणावे, एकूण उष्मांकांनी भागावे व टक्केवारी काढावी. त्या पदार्थाच्या एकूण शक्तीपैकी प्रथिनांचा वाटा किती, हे लगेच कळते.

समजा, एका ‘प्रोटीन बिस्किटा’च्या १०० ग्रॅममध्ये ११ ग्रॅम प्रथिने व ४८० उष्मांक आहेत. ११ गुणिले ४ म्हणजे ४४. वाटा झाला ९ टक्के. ज्वारीत हाच वाटा सुमारे १२ टक्के आणि गव्हात सुमारे १४ टक्के येतो. अर्थात बिस्किटातील ‘समृद्ध’ प्रथिने भाकरीच्याही मागे राहिली. उरलेली जागा मैदा, साखर व वनस्पती तेल यांनी व्यापली.

आता ४० ग्रॅमचा एक बार घेऊ. समजा, त्यात १० ग्रॅम प्रथिने व १८० उष्मांक आहेत. वाटा सुमारे २२ टक्के येतो. हा पदार्थ बिस्किटाहून निश्चित बरा. पण ५० ग्रॅम फुटाण्यांत सुमारे ११ ग्रॅम प्रथिने व १८५ उष्मांक असतात. वाटा सुमारे २४ टक्के. तुरीच्या डाळीत तो सुमारे २७ टक्के, अंड्यात सुमारे ३० टक्के आणि तेल काढलेल्या सोयाबीनच्या वड्यांत सुमारे ६० टक्के असतो. ही कसोटी आपल्या आवडत्या पदार्थांनाही लावली पाहिजे. शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असली, तरी तेलामुळे वाटा १८ टक्क्यांच्या आसपासच राहतो. गुळाच्या चिक्कीत तो याहूनही खाली येतो. म्हणून ‘घरगुती ते सारे प्रथिनयुक्त’ असाही भ्रम बाळगू नये.

आठ आयतने आणि एक वेष्टन

चरकसंहितेच्या विमानस्थानात सांगितलेली आठ आहारविधिविशेषायतने आपणां सर्वांस मुखोद्गत आहेत. पाकीटबंद खाद्याचे परीक्षण करण्यास त्यांच्याइतकी सोयीची चौकट दुसरी नाही.

*प्रकृती.* घटकपदार्थांची यादी प्रथम वाचावी. नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिल्या तीन नावांत सोया, हरभरा, शेंगदाणा, दूध वा दह्याच्या निवळीतील प्रथिने असतील तर पदार्थ नावास जागतो. पहिल्या तिनांत मैदा, साखर, ग्लुकोज सिरप किंवा पामतेल असेल तर ‘प्रोटीन’ हे केवळ नाव ठरते. शमीधान्यांतही भेद आहेत. मुद्ग लघू, माष गुरू व स्निग्ध, चणक व आढकी वातकर. हा भेद वेष्टनावर कोठेही नसतो, तो वैद्यालाच सांगावा लागतो.

*करण.* प्रथिने धान्यातून वेगळी काढणे, मोठ्या दाबाखाली व उष्णतेत पीठ फुलविणे, भाजणे, साखरेसह तापविणे या संस्कारांनी मूळ द्रव्याचे गुण पालटतात. साखर व प्रथिने एकत्र तापविली असता लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल काही अंशी निकामी होते. पदार्थाला येणारा तांबूस रंग व खमंग वास याच क्रियेचा असतो. उलट, योग्य उष्णतेने सोयाबीनमधील पचनरोधक द्रव्ये नष्ट होऊन ते पचनास सुलभ होते. संस्कार नेहमी वाईटच असतो, असे नाही.

*संयोग.* प्रथिनांबरोबर आणखी काय आले, हे पाहावे. २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार एकूण साखर, वरून घातलेली साखर, संपृक्त स्निग्धांश, ट्रान्स स्निग्धांश व सोडियम हे आकडे द्यावे लागतात. सोडियमच्या आकड्यास २.५ ने गुणले की मिठाचे प्रमाण मिळते. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. दिवसभरात ५ ग्रॅमहून कमी मीठ घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. प्रोटीनयुक्त चिप्स व चिवडा उच्च रक्तदाबाच्या रुग्णास देताना हा गुणाकार करावाच. ‘साखरविरहित’ बारांत अनेकदा माल्टिटॉल, सॉर्बिटॉल यांसारखी गोडी आणणारी द्रव्ये व चिकोरीच्या मुळाचे तंतू असतात. त्यांनी आध्मान, आटोप व द्रवमलप्रवृत्ती होऊ शकते. अशी तक्रार घेऊन आलेल्या रुग्णास औषध देण्यापूर्वी रोज काय खातो, हे विचारावे.

*राशी.* येथे सर्वग्रह व परिग्रह हा शास्त्रीय भेद फार उपयोगी पडतो. वेष्टनाच्या पुढील बाजूस मोठ्या अक्षरांत जो आकडा असतो तो कधी १०० ग्रॅमचा, कधी संपूर्ण पाकिटाचा, तर कधी एका वाढणीचा असतो. ‘२५ ग्रॅम प्रोटीन’ हे १०० ग्रॅममागे असेल आणि बार ४० ग्रॅमचा असेल, तर हाती १० ग्रॅमच लागतात. उलट, चिप्सची वाढणी ३० ग्रॅम धरलेली असते आणि खाणारा १०० ग्रॅमचे पाकीट संपवितो. मग मीठ व तेल तिप्पट होते. सर्वग्रह म्हणजे पोटात एकूण किती गेले, आणि परिग्रह म्हणजे त्यात प्रत्येक घटक किती; दोन्ही आकडे मांडल्याशिवाय मत देऊ नये.

*देश आणि काल.* उन्हाळ्यात मराठवाड्यातील तापमानात चॉकलेटचे आवरण वितळते, तेलकट पदार्थ लवकर खवट होतात. दुकानातील साठवण व ‘या तारखेपूर्वी वापरावे’ ही सूचना म्हणूनच महत्त्वाची. ग्रीष्मात जाठराग्नी मंद असताना गुरू, घट्ट बार पचविणे सर्वांस जमत नाही.

*उपयोगसंस्था.* हे पदार्थ बहुधा जेवणानंतर, चहाबरोबर वा रात्री जागताना खाल्ले जातात. सक्तूंच्या बाबतीत चरकांनी नुसतेच खाऊ नयेत, रात्री खाऊ नयेत, जेवणावर खाऊ नयेत, फार खाऊ नयेत, अशी बंधने घातली आहेत. भाजलेल्या शमीधान्यांच्या कोरड्या पिठापासून केलेल्या आजच्या पदार्थांना हा विवेक जसाच्या तसा लागू पडतो.

*उपयोक्ता.* अखेरीस, खाणारा कोण हे पाहावे. मूत्रपिंडाचा जुनाट विकार असून डायलिसिसवर नसलेल्या रुग्णास प्रथिने मर्यादित ठेवावी लागतात. डायलिसिसवर असलेल्यास उलट अधिक लागतात. दोघांनाही आपल्या मनाने बार सुरू करू देऊ नये. मधुमेही रुग्णाचे मूत्रपिंड ठीक आहे की नाही, हे तपासल्याविना ‘शुगरवाल्यांसाठी’ म्हणून असे पदार्थ सुचविणे धोक्याचे आहे. दूध, सोया, शेंगदाणा यांची असात्म्यता असल्यास वेष्टनावरील तत्संबंधीची सूचना वाचून दाखवावी.

प्रथिनांची प्रत

वेष्टनावरील प्रथिनांचा आकडा बहुधा थेट मोजलेला नसतो. १८८३ मध्ये डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ केल्डाल यांनी शोधलेल्या पद्धतीने पदार्थातील नायट्रोजन मोजतात आणि त्यास साधारणतः ६.२५ ने गुणतात. त्यामुळे नायट्रोजन असलेले कोणतेही स्वस्त द्रव्य मिसळले तरी आकडा फुगतो. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळण्याचे जे भयंकर प्रकरण उघडकीस आले, त्याचे मूळ याच उणिवेत होते. प्रोटीन पावडरींत ग्लायसिनसारखे स्वस्त अमिनो आम्ल मिसळून हीच युक्ती साधता येते. २०२४ मध्ये ‘मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींपैकी सुमारे ७० टक्क्यांवरील प्रथिनांची माहिती चुकीची आढळली. ही पाहणी पावडरींची होती, बार वा बिस्किटांची नव्हे. तथापि आकडा छापील आहे म्हणून खरा, असे मानू नये, एवढा बोध त्यातून घ्यावाच.

दुसरा प्रश्न अमिनो आम्लांचा. धान्यांत लायसिन कमी असते, डाळींत मिथिओनिन कमी असते. दोन्ही एकत्र आली की एकमेकांची उणीव भरून निघते. वरण-भात, भाकरी-पिठले, खिचडी या जोड्यांचे सामर्थ्य यात आहे. काही बारांत जिलेटिन किंवा कोलॅजेन वापरलेले असते. त्यात ट्रिप्टोफॅन नसल्याने आकड्यात ते भर घालते, पोषणात मात्र एकटे अपुरे ठरते. शिवाय ते प्राणिज असल्याने शाकाहारी रुग्णास हिरवे चिन्ह पाहून घेण्यास सांगावे.

प्रथिने म्हणजेच मांसधातू, असे समीकरण मांडण्याचा मोह मात्र टाळावा. धातुपोषण अग्नीवर अवलंबून आहे. अग्नी मंद असता उत्तम प्रतीचे प्रथिनही आमाचेच कारण होते. व्यायामाविना केवळ प्रथिने खाऊन स्नायू वाढत नाहीत, हे आधुनिक शास्त्रही सांगते.

आपल्या जिल्ह्याची शिदोरी

जालना जिल्हा बियाण्यांसाठी देशभर ओळखला जातो. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथेच ‘महिको’ची स्थापना केली. बदनापूर येथील कृषी संशोधन केंद्राने तुरीचे बीडीएन ७११ व बीडीएन ७१६ यांसारखे वाण दिले. तूर, हरभरा, मूग, उडीद, सोयाबीन ही पिके आपल्या आठही तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या परिचयाची आहेत. ज्या मातीतून प्रथिने बाहेरगावी जातात, त्याच मातीतील घरांनी ती चकचकीत वेष्टनांतून महाग दराने परत विकत घ्यावीत, हा व्यवहार विचार करण्याजोगा आहे.

रुग्णास पर्याय सांगताना तो ठोस मापात सांगावा. दोन मुठी, म्हणजे साधारण ५० ग्रॅम फुटाणे; मुगाची वाटीभर घट्ट उसळ; भाजलेल्या हरभऱ्याचे व गव्हाचे सातू ताकात किंवा दुधात कालवून; डाळीचे प्रमाण दुप्पट करून केलेली मुगाची खिचडी व वर तूप. मांसाहार करणाऱ्यास अंडी. वातप्रकृतीच्या व्यक्तीस फुटाण्यांऐवजी मुगाचे कढण, हिंग-जिऱ्याच्या फोडणीसह. ‘पौष्टिक खा’ असे मोघम सांगितले की रुग्ण पाकिटाकडे वळतो. माप सांगितले की डब्याकडे वळतो.

पाकीट केव्हा योग्य?

या पदार्थांवर सरसकट बहिष्कार घालावा, असा आमचा आग्रह नाही. प्रवासात, पाळीच्या कामात, जेवणाची सोय नसताना, किंवा भूक अत्यल्प असलेल्या वृद्धास थोड्या घासांत अधिक पोषण द्यावयाचे असताना चांगल्या घटकांचा बार उपयोगी पडतो. वडापाव वा क्रीमच्या बिस्किटांऐवजी तो खाल्ला, तर लाभच आहे. मात्र तो जेवणाची जागा घेऊ लागला की हानी सुरू होते.

औषधालयचालकांनी चार गोष्टी पाळाव्यात. खाद्यपदार्थ विकण्यासाठी अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी वा परवाना आपल्याकडे असल्याची खात्री करावी. पाकिटावर १४ अंकी परवाना क्रमांक, तारीख व संपूर्ण पोषणतक्ता नसेल तर माल परत करावा. २०२२ च्या नियमांनुसार ‘आयुर्वेद आहार’ हे स्वतंत्र बोधचिन्ह आहे. ते नसलेल्या बारावर अश्वगंधेचे चित्र पाहून त्यास आयुर्वेदीय म्हणून विकू नये. आणि शक्य असल्यास ही पाकिटे औषधांच्या फळीवर न ठेवता वेगळी मांडावीत. रुग्ण औषधालयातील फळीवर जे पाहतो त्यास तो औषधाइतकेच खरे मानतो. हा विश्वास कोणत्याही कंपनीने आपल्याला दिलेला नाही; तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या सचोटीतून मिळाला आहे. एका बारावरील नफ्यासाठी तो खर्ची घालणे परवडणारे नाही.

विकत घेणाऱ्यास किंमत तुलनेने दाखविणेही सोपे आहे. पाकिटाच्या किमतीस त्यातील प्रथिनांच्या ग्रॅमने भागावे व १० ने गुणावे. १० ग्रॅम प्रथिनांचा दर निघतो. हाच हिशेब आपल्या गावच्या बाजारातील डाळ, फुटाणे व अंडी यांच्या त्या दिवसाच्या भावाने करून चिकित्सालयात व दुकानात एका फळ्यावर लिहून ठेवावा. भाव बदलले की आकडे बदलावेत. रुग्ण रांगेत उभा असताना तो फळा वाचील आणि निर्णय स्वतः घेईल.